उरलेल्या भाताचे सांडगे

सणासुदीच्या दिवशी स्वयंपाक नेहमीच थोडा अधिक होतो. पाहुण्यांचा अंदाज चुकला तरी पंक्तीत काही कमी पडू नये, अशी घरधनिणीची इच्छा असते. त्यामुळे जेवणे आटोपल्यावर पातेल्यात भात आणि डब्यात पोळ्या शिल्लक राहतात. पाडवा म्हणजेच उगादी, गौरी-गणपती, दसरा व दिवाळी या सणांना बेंगळूरमधील कन्नड आणि मराठी या दोन्ही घरांत हाच अनुभव येतो. १६३८ मध्ये बेंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तेव्हापासून या शहराशी मराठीचा संबंध आहे. मराठीत ज्याला सांडगा म्हणतात त्याला कन्नडमध्ये संडिगे हे नाव आहे, आणि शिजलेल्या भाताच्या सांडग्यांना तेथे अन्नद संडिगे म्हणतात. नावांतील साम्य उघड आहे. कृतीही जवळजवळ एकच आहे.

मऊ भात उन्हात वाळवावा, तो खड्यासारखा कठीण व्हावा आणि तापलेल्या तेलात पडताच काही क्षणांत फुलून हलका व कुरकुरीत व्हावा, ही घटना रोजच्या परिचयाची असली तरी विचार करण्याजोगी आहे. तिच्यातील प्रत्येक पायरीवर पाण्याचा संबंध येतो. हे पाणी किती वेगाने जाते यावर सांडग्याचा कुरकुरीतपणा अवलंबून असतो, तसेच तो खाण्यास निर्धोक आहे की नाही, हेही पुष्कळ अंशी त्यावरच ठरते.

भात शिजतो म्हणजे काय होते?

तांदळाचा बहुतेक भाग पिष्टाचा असतो. पिष्टाचे अतिसूक्ष्म कण दाण्यात घट्ट बसलेले असतात. या कणांत दोन प्रकारचे रेणू असतात. एकाची साखळी बहुतांशी सरळ असते, त्याला अॅमिलोज म्हणतात. दुसरा झाडाप्रमाणे फांद्या फुटलेला असतो, त्याला अॅमिलोपेक्टिन म्हणतात. पाण्यात घातलेला तांदूळ तापू लागला की सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची मूळची बांधणी मोडते आणि दाणा मऊ होतो. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे उघड्या पातेल्यातील पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते; परंतु पिष्ट फुगण्यास तेवढी उष्णता पुरेशी होते.

शिजलेल्या भातात सुमारे दोन-तृतीयांश वजन पाण्याचे असते. भात थंड झाला की पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन अंशतः जुळतात, म्हणून शिळा भात टणक लागतो. तो पाण्याचा हबका मारून पुन्हा तापवला असता बराचसा मऊ होतो. सांडग्यांसाठी शिळा भात नुसता न मळता आधी वाफाळेपर्यंत तापवावा तो यासाठीच. त्याखेरीज त्याचे एकजीव पीठ होत नाही.

वाळवणाचा हिशोब

एक किलो भातात सुमारे ६७० ग्रॅम पाणी व ३३० ग्रॅम घन पदार्थ असतो, असे धरू. चांगल्या वाळलेल्या सांडग्यात सुमारे दहा टक्के पाणी उरते. म्हणजे एक किलो भाताचे वाळलेले सांडगे सुमारे ३७० ग्रॅम भरतील आणि ६३० ग्रॅम पाणी हवेत निघून जाईल. ३० अंश तपमानास एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. या हिशोबाने ६३० ग्रॅम पाण्यास सुमारे ३,६५,००० कॅलरी लागतात. एवढ्या उष्णतेने साडेचार लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविता येईल. गच्चीवरील ऊन व वारा हे काम विनामूल्य करतात.

या हिशोबातून मिठाविषयीही एक गोष्ट कळते. पाणी उडून जाते, पण मीठ जागेवरच राहते. एक किलो ओल्या पिठात दहा ग्रॅम मीठ घातले तर ते एक टक्का होते. वाळल्यावर तेच जवळजवळ पावणेतीन टक्के होते. म्हणून ओले पीठ चाखताना अळणी वाटले तरी मीठ हात राखूनच घालावे.

कढईत काय घडते?

पूर्ण वाळलेला सांडगा काचेप्रमाणे कठीण व ठिसूळ असतो. त्यातील पिष्टाच्या रेणूंना हालचालीस वाव नसतो. शास्त्रज्ञ या स्थितीला काचसदृश अवस्था म्हणतात. असा सांडगा सुमारे १८० अंश तपमानाच्या तेलात पडला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. उष्णतेमुळे पिष्ट क्षणभर रबरासारखे लवचीक होते आणि आत उरलेल्या थोड्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली असता ती मूळच्या सोळाशेपटीहून अधिक जागा व्यापू पाहते. तिच्या दाबाने लवचीक पिष्ट ताणले जाऊन त्यात असंख्य पोकळ्या निर्माण होतात. पाणी निघून जाताच पोकळ्यांच्या पातळ भिंती पुन्हा कठीण होतात. दाताखाली या भिंती एकीमागून एक तुटतात, आणि त्या तुटण्याचा जो आवाज होतो त्यालाच आपण कुरकुरीतपणा म्हणतो.

यावरून असे दिसून येईल की सांडग्यात उरलेले ते दहा टक्के पाणी फार महत्त्वाचे आहे. पाणी अधिक राहिले तर पिष्ट जड व चिवट राहते, सांडगा फुलत नाही आणि तेल पितो. पाणी फारच कमी झाले तर वाफ अपुरी पडते व सांडगा आतून दगडासारखा राहतो. तेल पुरेसे तापलेले नसेल, तर पिष्ट लवचीक होण्यापूर्वीच पाणी हळूहळू निघून जाते. कर्नाटकात दावणगेरे येथे चुरमुरे तयार करणाऱ्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. तेथे तेलाऐवजी तापलेल्या वाळूचा उपयोग होतो, परंतु दाणा फुलण्याचे तत्त्व हेच असते.

तळण्याने न जाणारे विष

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. कोणताही शिळा भात उन्हात वाळवून कडकडीत तळला की तो निर्धोक होतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ही समजूत चुकीची आहे.

मातीत व धान्यावर बॅसिलस सीरिअस नावाचा एक सूक्ष्मजंतू आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणूंचे रूप धारण करतो, आणि हे बीजाणू भात शिजताना होणाऱ्या उकळीतून जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत बराच वेळ झाकून ठेवला तर ते पुन्हा जागृत होऊन वाढू लागतात. त्यांचे काही प्रकार वाढताना सेरुलाइड नावाचे विष भातात सोडतात. या विषाने खाल्ल्यापासून साधारणतः सहा तासांच्या आत मळमळ व वांत्या सुरू होतात. क्वचित प्रसंगी यकृतावर गंभीर परिणाम झाल्याच्याही नोंदी आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चिनी पद्धतीच्या खानावळींत परतलेला भात खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा या विषबाधेकडे शास्त्रज्ञांचे प्रथम विशेष लक्ष गेले. शिजवलेला भात तासन्‌तास उबदार जागेत ठेवून मग तो परतून दिला जात असे.

सेरुलाइडचा मुख्य धोका त्याच्या चिवटपणात आहे. १२१ अंश तपमानात दीड तास ठेवूनही ते टिकून राहते, असे प्रयोगांत आढळले आहे. सांडगा तर कढईत काही सेकंदच असतो. तळल्याने जंतू मरतील, पण त्यांनी आधीच सोडलेले विष तसेच राहील. अशा भाताला वास येईलच असेही नाही. म्हणून भात सांडग्यांस योग्य आहे की नाही याचा निर्णय कढईपर्यंत पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, जेवणाची पंगत उठते तेव्हाच करावा लागतो.

नियम सोपा आहे. उरलेला भात दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभराच्या आत, पसरट थाळीत पातळ पसरून निववावा आणि शीतकपाटात ठेवावा. खोल पातेल्याच्या मध्यभागी उष्णता कित्येक तास कोंडून राहते. म्हणून पातेले तसेच आत ठेवू नये. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचे सांडगे घालावेत. दुपारच्या पंगतीचा जो भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला, त्याचे सांडगे घालू नयेत. अन्न टाकणे जिवावर येते हे खरे, परंतु असा भात वाळवून डब्यात भरणे म्हणजे कदाचित विषच साठवून ठेवणे होय.

ऋतूंचा विचार

वाळवण हीदेखील एक शर्यतच असते. ओले पीठ उन्हात ठेवले असता जंतूंना सुखावह असे तपमान त्यास मिळते; जंतू वाढण्यापूर्वी पाणी निघून गेले पाहिजे. म्हणून सांडगे लहान व पातळ घालतात. पिठात लिंबाचा रस किंवा आंबट ताक घालण्याची रीतही येथे उपयोगी पडते, कारण आंबटपणा व मीठ या दोहोंमुळे जंतूंच्या वाढीस अडथळा होतो.

बेंगळूरमध्ये मार्च व एप्रिल हे महिने उष्ण असतात आणि दुपारची हवा वर्षात सर्वांत कोरडी असते. पाडव्याच्या सणानंतर घातलेले सांडगे दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात. याउलट सप्टेंबर व ऑक्टोबर हे तेथील सर्वाधिक पावसाचे महिने होत. गणपती व दसऱ्याच्या सुमारास आकाश ढगाळ आणि हवा दमट असते. त्या दिवसांत गच्चीवर वाळवण घालणे योग्य नाही. विजेच्या भट्टीत ६० ते ७० अंशांवर, झाकण किंचित उघडे ठेवून, सांडगे वाळविता येतात. या तपमानात बॅसिलस सीरिअसची वाढ होत नाही. ही सोय नसेल तर त्या भाताचा फोडणीचा भात करून तो लगेच संपवावा.

कृती

शीतकपाटातील भात थोडे पाणी घालून वाफाळेपर्यंत तापवावा व गरम असतानाच घोटून घ्यावा. एक किलो भातास दोन लहान चमचे मीठ, दोन चमचे जिरे, चिमूटभर हिंग, वाटलेली हिरवी मिरची व एका लिंबाचा रस घालावा. भातात आधीच मीठ असेल तर मीठ निम्मे घ्यावे. सोऱ्यातून कडबोळ्यासारखे तुकडे पाडावेत किंवा चमच्याने लहान वड्या घालाव्यात. हे काम सकाळी लवकर करावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. रात्री दव पडते, यास्तव वाळवण घरात आणावे व दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा उन्हात ठेवावे. सांडगा मोडताना टक्‌ असा आवाज आला व आत ओलसर भाग दिसला नाही, म्हणजे तो वाळला असे समजावे. नंतर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. तळलेला सांडगा हवेतील ओल लगेच शोषून मऊ पडतो आणि तळताना तो तेलही घेतो. म्हणून जेवणाच्या वेळी लागतील तेवढेच तळावेत.

सांबार किंवा दही कालवलेला भात या कामी येत नाही. त्यातील भाज्या, तूप व दूध यांमुळे पदार्थ नीट वाळत नाही व लवकर खवट होतो. पुरणपोळीतील गूळ हवेतील पाणी ओढून घेतो, त्यामुळे तीही फार काळ कुरकुरीत राहत नाही. साध्या पोळीचा मार्ग निराळा आहे. ती मंद तव्यावर फडक्याने दाबून भाजली असता तिच्यातील पाणी हळूहळू निघून जाते व ती खाकऱ्यासारखी कडक होते. बेंगळूरच्या बेकऱ्यांत मिळणारे टोस्टही पावाचे काप दुसऱ्यांदा भाजूनच तयार होतात.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

दहा ओल्या सांडग्यांचे एकत्र वजन करून लिहून ठेवावे. वाळवणाच्या प्रत्येक दिवशी सकाळी व संध्याकाळी ते पुन्हा वजन करावे व आलेख काढावा. पहिल्या दिवशी वजन झपाट्याने घटते व पुढे घट मंदावते. असे का होते, याचा विचार करावा. एका दिवसानंतरचा, दोन दिवसांनंतरचा व पूर्ण वाळलेला, असे तीन सांडगे मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली एकाच तेलात तळावेत आणि प्रत्येकाची लांबी तळण्यापूर्वी व नंतर मोजावी. अर्धवट वाळलेले सांडगे केवळ मोजण्यासाठी आहेत, ते खाऊ नयेत. तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे, सांडगा फुलविण्यास किती पाणी हवे आणि किती नको, हे विद्यार्थ्यांना स्वतःच ठरविता येईल.