गोचीड व माकडताप : काजूच्या हंगामांतील खबरदारी

माघ-फाल्गुन लागतांच सिंधुदुर्ग जिल्ह्यांत व पलीकडे गोव्यांत काजूच्या बागा माणसांनीं गजबजूं लागतात, आणि नेमकें याच दिवसांत माकडतापाचें भय उभें राहतें. हा रोग इ. स. १९५७ मध्यें शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर अरण्यांत प्रथम ओळखला गेला. तेथें माकडें मरूं लागलीं व माणसेंही तापानें आजारी पडलीं. पुण्याच्या तत्कालीन विषाणु संशोधन केंद्रानें त्याचा शोध लाविला. पुढें इ. स. २०१५ त गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ त दोडामार्ग तालुक्यांत त्यानें बळी घेतले.

माकडताप हें नांव कांहींसें फसवें आहे. माकड बिचारें स्वतःच त्यास बळी पडतें. एका रोग्यापासून दुसऱ्यासही हा रोग लागत नाहीं. तो देणारा जीव गोचीड. तोही गुरांच्या कासेस लोंबणारा फुगीर गोचीड नव्हे, तर तिळाएवढें त्याचें पिलूं. माकड मेलें कीं अंगावरच्या गोचिडी तें शरीर सोडून पाचोळ्यांत पसरतात व ती जागा पुष्कळ दिवस धोक्याची राहते.

आतां ही पीडा घरांत येते कशी? बहुधा आपणच ती आणतों. गोठ्यांत पसरण्यासाठीं व तरवा भाजण्यासाठीं रानांतून जो पातेरा आपण डोक्यावरून आणतों, त्यांतूनच ती येते. सबब जेथें माकडें मेलीं असतील त्या बाजूचा पातेरा मुळींच आणूं नये. गोठ्यांत भाताचा पेंढा वापरावा. इतर ठिकाणचा पातेराही ओटीजवळ रचूं नये व मुलांस त्यांत खेळूं देऊं नये. रानांत चरून येणाऱ्या गुरांवरील गोचिडींस पशुवैद्यांच्या सल्ल्यानें औषध लावावें.

रानांत जाऊंच नका, असा उपदेश करणें सोपें आहे. पण ज्याचा वर्षाचा रोख पैसा काजूवर, त्यानें न जाऊन खावें काय? तेव्हां जावें, परंतु अंगभर कपडे घालून व आरोग्य केंद्राकडून मिळणारें गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगास लावून. बोंडू गोळा करतांना बायका जमिनीवर बसतात, तें टाळावें. परत आल्यावर कपडे खळ्यांतच उतरून कढत पाण्यांत टाकावे, साबणानें स्नान करावें, आणि कानामागें, काखेंत, कमरेस व गुडघ्यामागें एकमेकांचें अंग तपासावें. चिकटलेला गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. नखानें चिरडूं नये; रॉकेल अथवा विडीचा चटका तर नकोच.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकीं हुडहुडी भरून ताप, कपाळांत ठणका, अंगदुखी व ओकाऱ्या होतात. कोणास नाकाहिरड्यांतून रक्त येतें. शंभरांत तीन ते पांच रोगी दगावतात. यावर खास औषध नाहीं, आणि पूर्वीची लसही अपुरी ठरल्यानें इ. स. २०२२ त थांबविण्यांत आली. म्हणून पहिल्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. रक्तस्रावाचें भय असल्यामुळें अॅस्पिरिनची गोळी घरच्या घरीं घेऊं नये. जन्म कारकुनींत गेल्यामुळें सुचवावेंसें वाटतें कीं, कोण कोणत्या तारखेस कोणत्या रानांत गेलें हें एका वहींत टिपून ठेवावें. डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो.

मेलेलें माकड दिसल्यास हात न लावतां, कुत्र्यास जवळ जाऊं न देतां, त्याच दिवशीं वनखात्यास व आरोग्य केंद्रास कळवावें. कळवितांना गांवाबरोबर वाडी व सर्व्हे नंबरही सांगावा, म्हणजे औषध फवारणाऱ्यांस जागा शोधीत फिरावें लागणार नाहीं.