नाण्यावरचा चरा आणि तुमचं भांडवल

जुन्या नाण्यांचा व्यवसाय करायचा विचार असेल, तर हा धडा सावकाश वाचा. या धंद्यात नफा खरेदीच्या वेळीच ठरतो. आणि नवीन माणूस बहुतेक वेळा फसतो तो नाण्याचा पृष्ठभाग न वाचल्यामुळे.

उदाहरण घेऊ राणी व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयाचं. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. 1862 साल छापलेला रुपया पुढेही अनेक वर्षं तेच साल ठेवून पाडला गेला, त्यामुळे तो भरपूर सापडतो. अशा नाण्याला नुसत्या वयावर भाव मिळत नाही. तो मिळतो अवस्थेवर.

ग्रेड म्हणजे काय?
पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्था नाण्याला 1 ते 70 मधला आकडा देतात. 60 आणि त्यापुढे म्हणजे न वापरलेलं नाणं. 50 ते 58 म्हणजे जेमतेम वापरलेलं. आपल्याकडचे विक्रेते व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी असे शब्द वापरतात. मोजमाप तेच.

पृष्ठभागावर तीन गोष्टी शोधा

1. झीज. हातोहात फिरून गाल, केस, मुकुट असे उंच भाग आधी सपाट होतात. ग्रेड कमी होते, पण नाणं प्रामाणिक राहतं.

2. आदळल्याच्या खुणा. नाणी टाकसाळीत आणि थैलीत एकमेकांवर आपटतात, त्याचे बारीक खड्डे. न वापरलेल्या नाण्याची ग्रेड 60 की 65, हे ठरवण्यात यांचा मोठा वाटा असतो. जागा महत्त्वाची: राणीच्या गालावरची किंवा मोकळ्या जागेतली खूण जास्त महागात पडते, नक्षीत लपलेली कमी.

3. माणसाने केलेलं नुकसान. घासल्याच्या रेघा, खोल ताजा चरा, कडेला तासल्याची खूण, माळेत ओवायला लावलेल्या कडीचा टाका, सराफाने पारखताना मारलेला ठसा. ते ठळक असेल तर आकडा मिळत नाही, पाकिटावर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो. साध्या नाण्याचा भाव मग चांदीच्या भावाजवळ येऊन थांबतो.

तपासायचं कसं?
एकच दिवा, दहापट भिंग आणि खाली मऊ कापड. नाणं कडेने धरा आणि दिव्याखाली हळूहळू कलवा. मूळ चकाकी असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा फिरतो. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच पांढरं चमकतं आणि भिंगातून एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात. रेघ आत गेलेली आहे की वर उठलेली, तेही बघा. वर उठलेली रेघ बहुधा टाकसाळीच्या ठशावरची असते, ती नुकसानीत धरत नाहीत.

हिशोब करून बघा
समजा, एक चकचकीत रुपया ‘यूएनसी’ म्हणून तुम्हाला 6,000 ला मिळतोय. गिऱ्हाईकाने दिव्याखाली धरला, घासल्याच्या रेघा दिसल्या आणि त्याने 2,000 सांगितले. 4,000 तर गेलेच, शिवाय तो माणूस पुन्हा तुमच्याकडे येईल का? म्हणून विकताना दोष आधी स्वतः दाखवा आणि बिलावर ‘घासलेलं’ असं लिहा. भाव थोडा कमी येईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

हे करू नका
- चिंच, राख, भांड्यांची पावडर लावून नाणं उजळवू नका. काळसर थर नैसर्गिक असतो, एकदा काढला की परत आणता येत नाही.
- पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. कालांतराने हिरवट चिकट थर चढतो.
- शंभर वर्षं झालेलं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. त्याच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि ते स्वतःहून परदेशी पाठवता येत नाही. दुकान उघडण्याआधी परवान्याचं बघा.

गृहपाठ
खरेदी सुरू करण्याआधी घरातली दहा जुनी नाणी घ्या. प्रत्येकासाठी वहीत तीन रकाने करा: झीज, आदळल्याच्या खुणा, नुकसान. ही सवय डोळ्यांना लागली की मगच खिशात हात घाला.