कालव्याकाठची सायकलवाट

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात, तर घोड नदीवरील डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात आहे. डिंभ्याचा डावा कालवा येडगाव जलाशयास पाणी पुरवितो.

पाणी उताराने संथ वाहावे म्हणून कालवा समपातळी रेषेच्या अनुरोधाने आखतात. साहजिकच त्याच्या काठचा देखभालीचा मुरमी रस्ता डोंगराळ मुलुखातही बराचसा सपाट असतो. महामार्गाची वर्दळ टाळून सायकलने शाळा गाठण्यास तो उपयुक्त ठरतो.

मात्र अस्तरीकरण केलेला काठ निसरडा असतो. पडलेल्यास वर येणे कठीण जाते. म्हणून ग्रामपंचायतींनी जलसंपदा विभागाच्या संमतीने धोक्याच्या वळणांवर कठडे उभारावेत. पावसाळ्यात हा मार्ग टाळण्याची शिकवण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना द्यावी.