पॅड बदलले आणि एबीएसचा दिवा लागला

प्रश्न : कारचे पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. ब्रेक चांगला लागतो. पण गाडी थोडी चालली की एबीएसचा पिवळा दिवा लागतो, तो विझतच नाही. युनिट गेलं, मोठा खर्च आहे, असं एकाने सांगितलं. मलकापूरला जायचं म्हणजे राजूर घाट उतरणं आलं. गाडी काढू का?
– एक वाचक, चिखली

उत्तर : युनिटला इतक्यात दोष देऊ नका. पॅड बदलेपर्यंत सगळं ठीक होतं ना? मग तुमचा हात जिथे जिथे लागला, तिथेच आधी शोधा.

चाकामागे बोटाएवढा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून तो वेग मोजतो. एका चाकाचा वेग बाकीच्या तिघांशी जुळला नाही, की युनिट एबीएस बंद करून दिवा लावतं.

दिवा कधी लागतो, यावरून बरंच कळतं. वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला, तर किल्ली फिरवल्यापासूनच दिवा लागून राहतो. तुमचा चालल्यावर लागतो, म्हणजे वायर बहुधा शाबूत आहे, वेगाचा सिग्नल बिघडलाय. सेन्सर काढला असेल तर तो पूर्ण आत बसलाय का, बोल्ट कसलाय का, हे बघा. त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो. कोरड्या कापडाने पुसा. कड्याचा दात पेचकसाने किंवा हातोडीने दुखावला का, तेही तपासा. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून वायर ताणली जात नाही ना, क्लिपमध्ये आहे ना, याची खात्री करा.

तरी सापडलं नाही, तर एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतात. सावकाश गाडी चालवताना स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघायचे. ज्याचा आकडा शून्यावर जातो किंवा उड्या मारतो, दोष त्या चाकाचा. नुसता कोड पुसल्याने दिवा पुन्हा लागणारच.

दिवा न लागताही कधी गाडी थांबता थांबता पेडल खडखडतं. तेव्हाही सेन्सरच बघा : कमी वेगात सिग्नल तुटला, की युनिटला चाक अडकल्यासारखं वाटतं आणि ते ब्रेक सोडतं.

आता घाटाचं. एबीएस बंद असलं तरी साधा ब्रेक चालतो. पण ओल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर जोरात दाबला तर चाकं अडकतात, आणि मग स्टीअरिंग फिरवून गाडी वळत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत राजूर घाट नको. हँडब्रेक सोडूनही लाल दिवा लागलेला असेल, किंवा पेडल मऊ लागत असेल, तर गाडी जागची हलवू नका; आधी ब्रेक ऑइलची पातळी आणि गळती बघा. दुरुस्तीनंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर चालवून बघा. दिवा विझलेलाच राहिला, तर खुशाल मलकापूर गाठा.