मधुमेह आणि शरीराची धोक्याची घंटा

वैशाखात जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. शेतात राबणारा माणूस घामाघूम होऊन थरथरू लागला, तर ऊन लागले असे सहज मानले जाते. परंतु तो इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणारा मधुमेही असेल, तर हीच लक्षणे रक्तातील साखर फार उतरल्याची सूचना असू शकतात.

सूचना कशी मिळते?

रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली येऊ लागली, की संकटकाळी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था जागृत होते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक सोडतात आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडू लागते. घाम, कंप व छातीतील धडधड ही याच धावपळीची बाह्य चिन्हे होत. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्ये हे प्रयोगांनी दाखविले.

सूचना का थांबते?

मधुमेह जुना झाल्यास, तसेच साखर वारंवार उतरत राहिल्यास, हा प्रतिसाद मंदावतो. मग घाम वा धडधड न जाणवताच रुग्णाचे बोलणे अडखळते, तोल जातो आणि पाहणाऱ्यास तो मद्यपी वाटतो. उपचाराची मोलाची वेळ अशा गैरसमजात निघून जाते.

याउलट ताप, जंतुसंसर्ग वा तीव्र चिंता यांमुळे अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल वाढून साखर चढते. म्हणून आजारपणात जेवण कमी झाले, तरी आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नये.

गावाने काय करावे?

रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व नंतर भाकरी खाऊ घालावी. खान्देशात केळी हाताशी असतात. पण साखरपाणी अधिक लवकर लागू पडते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकादशी असो वा रोजा, उपवासापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत सांगितल्यास, भोवळ आलेल्या शेतमजुराला हिणवण्याऐवजी वेळेवर साखर मिळेल.