रातांधळेपणा आणि डोळ्यातील गस्तवाले

गेल्या महिन्यात एक आई बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेला की हा पाटात पडतो, म्हणून घरचे त्याला वेंधळा म्हणत. दोन वर्षे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू होत्या. दिवसा समोरचे नीट दिसे, पण बाजूने आलेली सायकल दिसत नसे. बाहुली मोठी करून पाहिले, तर दृष्टिपटलाच्या कडेला काळे, फाटे फुटलेले डाग. आजार होता रेटिनायटिस पिगमेंटोझा. आईवडील सख्खे आतेमामे भावंड.

रातांधळेपणा म्हटला की आपल्याला गाजर आणि पालेभाजी आठवते. कुपोषित मुलांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. हा आजार मात्र जनुकातील दोषाचा. पुष्कळ घराण्यांत दोष आईवडील दोघांकडून आला तरच तो प्रकट होतो.

दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी शलाकापेशी असतात. त्या अंधुक उजेडात पाहतात. भर उजेडात रंग आणि बारीक अक्षरे दाखवणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख. आधी शलाकापेशी मरतात, मागाहून शंकुपेशीही जातात.

आता नावाची गंमत. ‘रेटिनायटिस’ म्हणजे दृष्टिपटलाचा दाह. शिकत असताना आम्हांला सांगितले जाई, की हे जुने नाव चुकीचे आहे, येथे दाह नसतोच. मीही रुग्णांना तेच सांगत आलो. पण नाव अगदीच खोटे नव्हते!

दृष्टिपटलात मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. त्या गस्तवाल्यांसारख्या सतत चाचपणी करतात आणि मेलेला कचरा गिळतात. शलाकापेशी आजारी पडल्या की हे गस्तवाले त्यांच्याकडे धाव घेतात. आजारी पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ‘मला उचला’ अशी खूण उमटते, आणि पेशी अजून जिवंत असताना गिळली जाते. शिवाय गस्तवाले दाह वाढवणारी रसायने सोडतात, त्याने शेजारच्या पेशीही पोळतात. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१५ साली उंदरांत हे दाखवून दिले. हे गिळणे रोखल्यावर पेशींचा ऱ्हास मंदावला.

हे वाचून कोणी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. त्यांनी हा आजार थांबत नाही. उलट काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा यकृताला बाधतात, गरोदरपणी तर गर्भालाही. २०१७ साली अमेरिकेत एका जनुकोपचाराला मान्यता मिळाली. पण तो आरपीई६५ या एकाच जनुकाच्या दोषावर चालतो, आणि असे रुग्ण थोडे. म्हणून जनुक तपासणी करून घ्यावी. मध्यबिंदूला आलेली सूज किंवा मोतीबिंदू मात्र वेळीच उपचार केल्यास आटोक्यात येतो, तेवढ्यासाठी दरवर्षी डोळे दाखवावेत.

मुलाच्या गोळ्या मी बंद केल्या. रात्रीचे पाणी थोरल्या भावाने द्यायचे ठरले. अपंगत्वाच्या दाखल्याची माहिती दिली. भावंडांचे डोळे तपासायला सांगितले, तेव्हा आई उठता उठता म्हणाली, ‘‘डॉक्टर, धाकटीची बोलणी माझ्या भावाच्याच घरी चालली आहेत.’’ मी तिला पुन्हा बसायला सांगितले.