पाकोळ्यांचे बेट

निवतीच्या किनाऱ्यावरून होडी सुटते, तेव्हा पूर्वेस नुकते कोठे उजाडत असते. फाल्गुनात समुद्र शांत असला, तरी दुपारी वारा उठतो. म्हणून वेंगुर्ला रॉक्स पाहावयास जाणाऱ्याने पहाटेच निघालेले बरे. वाटेत एखादा डॉल्फिन पाठ दाखवून जातो. तांडेलाची नजर मात्र दूरच्या दीपगृहावर खिळलेली असते.

पोर्तुगीज खलाशी या खडकांना ‘जळकी बेटे’ म्हणत. उन्हात तापलेला तो उघडा कातळ जवळून पाहिला, म्हणजे हे नाव अयोग्य वाटत नाही. बेटाच्या पोटात गुहा आहे. लाटा तिच्यात शिरतात, आपटतात व फेसाळत परततात. होडी बाहेरच थांबते. पाहुण्याने आत जायचे कारण नाही. पाहण्यासारखे तोंडापाशीच पुष्कळ असते.

चिमणीहूनही लहान, करड्या रंगाचे पक्षी बाणासारखे आतबाहेर करीत असतात. या भारतीय पाकोळ्या. त्यांचे पाय इतके दुबळे, की त्यांना फांदीवर बसता येत नाही. केवळ खडकाला चिकटून राहता येते. गुहेतील काळोखात त्या ‘किट्‌ किट्‌’ असा आवाज काढतात. भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्यांना वाट उमगते. वटवाघळेही असेच करतात. पण त्यांचा तो सूक्ष्म आवाज बहुधा आपल्या कानांना ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो.

पाकोळी घरटे बांधते ते आपल्या लाळेने! लाळेचे धागे हवेत सुकून घट्ट होतात. त्यांत पिसे व काड्या मिसळून कातळावर लहानशी वाटी तयार होते. तीत दोन अंडी घातली जातात.

हीच वाटी तिच्या जिवावर उठली. चीनकडील देशांत अशा घरट्यांचे सार मोठ्या आवडीने पितात. गंमत अशी, की घरट्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. तरीही भाव भारी. म्हणून चोर गुहेत शिरून घरटी खरवडून नेत. बिचारी पाकोळी पुन्हा लाळ गाळी, पुन्हा बांधी. सन २००० नंतरच्या काळात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने व वनखात्याने या चोरीकडे लक्ष दिले व घरट्यांची राखण आरंभली.

वारा उठू लागताच तांडेल होडी वळवतो. ज्येष्ठात समुद्र खवळला, की निवतीच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात. मग पुढचे दोन महिने त्या गुहेकडे फिरकणे कोणालाही सोपे नसते, राखणदारांना नाही आणि चोरांनाही नाही.